कॅमेलियाचं बारसं

(वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, मुद्रणासाठी थोडं आटोपशीर केलेलं)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे यंदा विषय झाडाझुडपांचा हवा हे ठरलेलंच होतं. मी ‘कॅमेलिया’ असं कळवलं तेव्हा मात्र संयोजक फोनवर जरा गप्प झाले. त्यांचंही बरोबर आहे. हे फूल आपण देवाला वाहत नाही, गजऱ्यात माळत नाही, आणि कोकणात किंवा देशावर लावायला गेलात तर ते टिकायचंही नाही. त्याला आम्लधर्मी माती, दमट सावली आणि बऱ्यापैकी थंडी लागते. पण आत्ता सभागृहाबाहेर ज्याचा वास सुटलाय तो चहा म्हणजे कॅमेलियाच. चहाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. लिनियसने १७५३ साली चहाला ‘थिया’ आणि जपानी फुलझाडाला ‘कॅमेलिया’ अशा दोन वेगळ्या प्रजातींत बसवलं होतं. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मधली भिंत पाडली. तेव्हा आज मी तुमच्या कपातल्या पाहुण्याच्या नातेवाइकांविषयीच बोलणार आहे.

कॅमेलिया हे नाव गेओर्ग योसेफ कामेल या मोराव्हियाच्या जेझुइट धर्मबंधूवरून आलं. तो फिलिपिन्समध्ये औषधी वनस्पतींचा अभ्यास करायचा. मोठा कष्टाळू माणूस, पण ही फुलं काही त्याने शोधलेली नव्हेत. लिनियसला त्याचा गौरव करायचा होता आणि हाताशी एक बिननावाची प्रजाती होती, इतकंच. या झाडाच्या नावांचा इतिहास असा पहिल्याच पायरीवर दुसऱ्याच कुणाच्या तरी मानपानाने सुरू होतो. हा धागा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी संकर करतात कसा ते सांगतो. हे काम ऐकायला प्रयोगशाळेतलं वाटतं. प्रत्यक्षात ते एखाद्या मोडक्या स्टुलावर बसून, थंडीत बोटं आखडलेली असताना करायचं असतं. मादी म्हणून निवडलेल्या झाडावर उद्या उमलेल अशी कळी शोधायची. उमललेलं फूल चालत नाही, कारण तिथे मधमाशी येऊन गेलेली असते. कॅमेलियाच्या पाकळ्या आणि पुंकेसर तळाशी एकमेकांना चिकटलेले असतात. कळीच्या बुडाशी नखाने किंवा धारदार पात्याने गोल चीर दिली आणि हलकेच ओढलं की सगळा झगा पुंकेसरांसकट एकदम निघून येतो. मागे उरतो हिरवा अंडाशय आणि टोकाला तीन फाटे फुटलेली नाजूक काडी. त्या फाट्यांच्या टोकांना, म्हणजे कुक्षीला, दुसऱ्या झाडाचा पिवळा पराग लावायचा. ब्रश लागतोच असं नाही; नराचं फूल तोडून त्याचाच पुंकेसरांचा झुबका घासला तरी भागतं. पाकळ्याच नसल्यामुळे त्या कळीकडे सहसा माशी फिरकत नाही. फांदीला चिठ्ठी बांधायची: मादीचं नाव आधी, नराचं नंतर, आणि तारीख. दोन जातींची फुलण्याची वेळ जुळत नसेल तर पराग सुकवून, ओल शोषणारे सिलिकाचे खडे घातलेल्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवतात.

मग वाट पाहायची. हिवाळ्याच्या अखेरीस लावलेला पराग शरदात फळ पिकवतो. छोट्या सफरचंदासारखं दिसणारं ते बोंड वाळलं की तडकतं आणि बिया खाली सांडतात, म्हणून आधीच जाळीची पिशवी बांधावी लागते. बी ओलसर शेवाळात रुजतं. रोप पहिल्यांदा फुलायला चार-पाच वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. घाई असलेले लोक रोपाचं कलम जुन्या, जोमदार खोडावर चढवतात आणि फूल लवकर बघतात.

फूल दिसलं म्हणजे काम संपलं, असं आपल्याला वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं आणि ते बहुतांशी टाकून देण्याचं असतं. एकाच बोंडातली दोन रोपं सारखी निघत नाहीत. आंबेवाल्यांना हे सांगायला नको: हापूसची कोय लावली तर हापूस मिळेलच असं नाही, म्हणून कलम, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला तोही अनेक झाडांतल्या एका झाडाची निवड करून, कलमांनी वाढवलेला आहे. कॅमेलियात तसंच. पन्नास रोपांतली बहुतेक आईबापांहून सुमार असतात, काही ठीक असतात, आणि ठीक असणं हाच मोठा धोका. वाईट रोप उपटताना हात थरथरत नाही. बरं रोप उपटायला छाती लागते. ज्याला ती नसते त्याची बाग पाच वर्षांत सामान्य फुलांनी भरून जाते आणि तो प्रत्येकाला नाव देत सुटतो.

आता एक जागा बघू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात, समुद्राला लागून कारहेज नावाचा वाडा आहे. तिथे जॉन चार्ल्स विल्यम्स (१८६१–१९३९) नावाचा जमीनदार राहायचा. काही वर्षं पार्लमेंटात बसून आला, मग ते सोडून त्याने बागेत लक्ष घातलं. डॅफोडिलची पैदास केली, नंतर चीनमधून येणाऱ्या बियांचं वेड लागलं. त्याने जॉर्ज फॉरेस्ट या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाच्या युनान प्रांतातल्या मोहिमांना पैसा पुरवला. बदल्यात बियांची पुडकी कारहेजला यायची. त्यातच एक होती कॅमेलिया सॅल्युएनेन्सिस. सालवीन नदीवरून हे नाव. फूल फिकट गुलाबी, एकेरी, लहानसं. प्रदर्शनात कुणी वळून पाहणार नाही असं.

विल्यम्सने १९२० च्या दशकात या चिनी झाडाचा जपानी कॅमेलियाशी, म्हणजे कॅमेलिया जॅपोनिकाशी संकर केला. इंग्रज बागांत जॅपोनिका शंभराहून अधिक वर्षं होती, पण तिची दोन दुखणी होती. एक, थंड आणि ढगाळ प्रदेशात ती कळ्या कमी धरायची. दुसरं, तिच्या बऱ्याच वाणांची, विशेषतः पांढऱ्या आणि भरगच्च फुलांच्या वाणांची, वाळलेली तपकिरी फुलं फांदीलाच लटकून राहायची, आणि ऐन बहरात झाड मळकट दिसायचं. संकरित रोपं उत्तरेच्या मंद उजेडातही भरभरून फुलली. आणि फूल कोमेजण्याआधीच सबंध गळून पडायला लागलं. जपानमध्ये म्हणतात की सामुराई या गळून पडण्याला अशुभ मानायचे, कारण शिर तुटून पडल्यासारखं दिसतं. कॉर्नवॉलच्या माळ्यांना मात्र तेच हवं होतं. झाडाखालचा सडा झाडून काढणं सोपं.

या सगळ्या गटाला पुढे ‘विल्यम्सी’ हे नाव मिळालं, विल्यम्सच्या मृत्यूनंतर. कारहेजच्या वाणांपैकी एक ‘जे. सी. विल्यम्स’, एक ‘मेरी क्रिश्चन’ त्याच्या पत्नीच्या नावाचं, एक ‘सेंट यू’ जवळच्या गावाचं. दुसरीकडे ससेक्समधल्या बोर्ड हिलला कर्नल स्टीफनसन क्लार्क यांनी तोच संकर केला, फक्त जॅपोनिकाचा दुसरा वाण घेऊन. त्यातून निघालं ‘डोनेशन’. १९४१ मध्ये, बॉम्ब पडत असतानाच्या लंडनमध्ये, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला पारितोषिक दिलं. मोठं, गुलाबी, गडद शिरांचं फूल. माझं वैयक्तिक मत विचाराल तर इतकं गुलाबी जरा अंगावर येतं. पण ऐंशी वर्षांनंतरही ब्रिटनमधल्या जवळजवळ प्रत्येक रोपवाटिकेत ते विकायला असतं, तेव्हा माझ्या मताला विचारतो कोण!

‘डोनेशन’चा बाप बघा. तो जपानी वाण ‘मासायोशी’. १८३० च्या सुमारास फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट याने तो जपानहून बेल्जियमला आणला, आणि तिथे एका उद्यानप्रमुखाच्या सन्मानार्थ त्याचं ‘डोंकेलारी’ असं बारसं झालं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोप-अमेरिका त्याला डोंकेलारीच म्हणत राहिली. नंतर नावांची शिस्त लावताना जुन्या नावाचा हक्क मान्य झाला आणि झाड पुन्हा ‘मासायोशी’ झालं. असं वारंवार घडलंय. १९४८ साली चीनच्या कुनमिंग शहरातून रेटिक्युलाटा जातीचे जुने, थाळीएवढ्या फुलांचे वाण कॅलिफोर्नियाला विमानाने गेले. मागवणाऱ्यांत एक होता वनस्पती-पैदासकार वॉल्टर लॅमर्ट्‌स आणि दुसरा राल्फ पीअर. हा पीअर म्हणजे तोच, ज्याने १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी अमेरिकेच्या लोकगायकांची गाजलेली ध्वनिमुद्रणं केली. गाण्यात पैसा मिळवला, कॅमेलियात घातला. मला हा माणूस फार आवडतो. तर त्या वाणांना अमेरिकेत इंग्रजी नावं मिळाली. ‘दाताओहोंग’चं झालं ‘क्रिम्झन रोब’. चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या आवारांत त्या झाडांना नावं होती. ती नावं विमानात चढलीच नाहीत.

आता नियम. लागवडीच्या वनस्पतींच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे, १९५३ पासून. तिची कलमं वाचायला रूक्ष आहेत, पण आत बराच शहाणपणा आहे. वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहायचं. एका प्रजातीत एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरायचं नाही. १ जानेवारी १९५९ नंतरच्या नव्या वाणाला लॅटिन नाव नको. नाव तीस अक्षरांहून लांब नको. फुलाची अवास्तव बढाई मारणारं नाव नको. आणि नाव केवळ तोंडी सांगून चालत नाही. ते वर्णनासकट, तारीख असलेल्या छापील प्रकाशनात आलं पाहिजे. कॅमेलियाच्या नावांची नोंद ठेवण्याचं काम १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅमेलिया सोसायटीकडे आहे. टॉम सॅव्हिज या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने वर्षानुवर्षं खपून १९९३ मध्ये तिची दोन खंडांची नोंदवही प्रसिद्ध केली. त्यात हजारो नावं आहेत, आणि त्यातली कितीतरी एकाच झाडाची वेगवेगळी नावं. एखाद्या तालुक्याच्या सातबाराच्या फेरफारांइतकंच गुंतागुंतीचं काम, आणि तेही बिनपगारी.

नोंदणीकार फूल चांगलं की वाईट हे ठरवत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो फक्त म्हणतो, हे नाव आता या झाडाचं. चांगलं-वाईट ठरवणारे इतर आहेत: माळी, रोपवाटिका, थंडी.

थंडीवरून आठवलं. अमेरिकेत विल्यम अ‍ॅकरमन हे कृषी खात्याचे पैदासकार होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ कडक हिवाळे आले आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पतिउद्यानातल्या कॅमेलिया मोठ्या संख्येने मेल्या. सगळीकडे काळी पडलेली खोडं. त्यात उभी राहिली ती कॅमेलिया ओलिफेरा, दक्षिण चीनमध्ये बियांच्या तेलासाठी लावतात ती. तिचं फूल साधं, पांढरं, पाकळ्या चुरगळल्यासारख्या. अ‍ॅकरमननी तिच्या कणखर झाडांचा शरदात फुलणाऱ्या सासांक्वा व हिएमालिस या जातींशी संकर केला. त्यातून ‘विंटर्स स्टार’, ‘विंटर्स होप’, ‘पोलर आइस’ असे वाण निघाले. नावांतच सगळं आलं. कुणाची बायको नाही, कुणी कर्नल नाही. हे झाड बर्फात मरणार नाही, एवढंच सांगणारी नावं. मला हा प्रामाणिकपणा भावतो.

त्याच अ‍ॅकरमननी सुगंधाचाही ध्यास घेतला होता. बहुतेक कॅमेलियांना वास नसतो. अलेक्झांडर ड्युमा धाकटा याच्या १८४८ च्या कादंबरीतली नायिका याच बिनवासाच्या फुलांसाठी ओळखली जाते. जपानच्या दक्षिणेकडच्या रिउक्यू बेटांवर मात्र एक लुचुएन्सिस नावाची जात आहे, नखाएवढ्या फुलांची आणि सुवासिक. अ‍ॅकरमननी तिचा पराग रस्टिकाना जातीच्या कॅमेलियाला लावून ‘फ्रेग्रंट पिंक’ मिळवलं. वास आला, पण झाड वांझ. दोन वेगळ्या जातींची गुणसूत्रं एकमेकांशी नीट जोड्या जुळवत नाहीत, म्हणून पुढे बी धरेना. मग त्याच्या वाढत्या टोकांवर कोल्चिसीन लावून गुणसूत्रं दुप्पट केली. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचाच जोडीदार मिळाला, आणि झाड पुन्हा पैदाशीला उपयोगी पडायला लागलं. कोल्चिसीन म्हणजे विष. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी आपली कळलावी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या कंदातही तेच विष असतं. तिथे ते गुरांचा जीव घेतं, इथे सुगंधाचा वंश चालवतं.

पिवळ्या कॅमेलियाची कथा थोडक्यात. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात नितिदिस्सिमा नावाची खरीखुरी सोनपिवळी जात आहे. ती जगभर पोचली तेव्हा पैदासकारांना वाटलं, आता पिवळे संकर काढणं काय अवघड! पण संकर करायला गेलं की बहुतेक बी धरत नाही, आणि धरलंच तर पिढी मलईच्या रंगाची निघते. ती आशा बरीचशी फोल ठरली. याउलट ग्वांगडाँगमधली अझेलिया नावाची जात उन्हाळ्यातही फुलते. ती १९८० च्या दशकात प्रथम वर्णन झाली, रानात अगदी थोडी झाडं शिल्लक, आणि तिच्यापासून चिनी पैदासकारांनी आता शेकडो संकर काढलेत. त्यांच्या पुस्तकाचं शीर्षकच वर्षभर फुलणाऱ्या कॅमेलियांचं आहे. आज या क्षेत्राचा गुरुत्वमध्य कॉर्नवॉलमध्ये नाही, दक्षिण चीनमध्ये आहे, आणि बिया जिथून निघाल्या होत्या तिथेच तो परतलाय, हे मला रास्तच वाटतं.

नावाच्या बाबतीत बाजारानेही एक चलाखी शोधली आहे. अमेरिकेत कलमांनी वाढणाऱ्या वनस्पतींना १९३० पासून पेटंट मिळतं. आज त्याची मुदत अर्जापासून वीस वर्षं. मुदत संपली की झाड सर्वांचं. म्हणून काही व्यापारी वाणाचं अधिकृत नाव मुद्दाम रूक्ष ठेवतात, पैदासकाराचं आडनाव आणि एक आकडा, आणि दुकानातल्या पाटीवर मात्र वेगळं, गोड व्यापारचिन्ह लावतात. व्यापारचिन्हाचं नूतनीकरण होत राहतं. वीस वर्षांनी झाड मोकळं होतं, पण लोक ज्या नावाने ते ओळखतात ते नाव कंपनीच्या खिशात. ग्राहकाला वाटतं आपण फुलाचं नाव वाचतोय. तो जाहिरात वाचत असतो. संहिता याला रोखू शकत नाही, फक्त दोन्ही नावं वेगळ्या पद्धतीने छापा म्हणते. माझ्या मते ही पळवाट आहे, आणि ती वापरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

चहाकडे बघितलं की याच्या अगदी उलटं चित्र दिसतं. आसामच्या टोकलाई संशोधन केंद्राने १९४९ मध्ये निवडलेल्या चहाच्या पहिल्या कलमी वाणांना नावं दिली ती टीव्ही-१, टीव्ही-२, टीव्ही-३. टीव्ही म्हणजे टोकलाई व्हेजिटेटिव्ह. तीही कॅमेलियाच, तीही निवडीतून आणि तितक्याच वर्षांच्या चिकाटीने आलेली. कोट्यवधी कप त्यांच्या पानांवर चालतात, पण कुणी आपल्या मुलीचं नाव त्यांना दिलं नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आकडा, ज्याच्याकडे रविवारी दुपारी बघायचं असतं त्याला नाव. कपाशीच्या, उसाच्या वाणांची नावं आठवा, तिथेही बहुतेक आकडेच.

आता तो सुरुवातीचा धागा. कॅमेलियाच्या नावांत पाहिलं तर जहाजाचे कप्तान आहेत: १८२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून रेटिक्युलाटा आणणारा कॅप्टन रॉझ. जमीनदार आहेत, त्यांच्या पत्नी आहेत, कर्नल आहेत, लेडी ह्यूम आहेत. जॉर्ज फॉरेस्टच्या नावाची एक सबंध जात आहे, फॉरेस्टिआय. फॉरेस्टने त्याची किंमत मोजली, नाही म्हणत नाही. १९३२ च्या जानेवारीत तो तिथेच, युनानमध्ये, शिकारीला गेला असताना हृदय बंद पडून गेला.

पण फॉरेस्टच्या नावावर जमा झालेले ते हजारो नमुने आणि बिया एकट्या फॉरेस्टने गोळा केलेल्या नव्हत्या. लिच्यांग शहराजवळ, जेड ड्रॅगन हिमशिखराच्या पायथ्याला नाशी लोकांचं एक खेडं आहे. तिथल्या माणसांची एक टोळी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालायची. तिचा म्होरक्या झाओ चेंगझांग. फॉरेस्ट पत्रांतून त्याला ‘लाओ झाओ’ म्हणतो. ही माणसं फॉरेस्टशिवायही महिनोन्‌महिने फिरायची, तो मायदेशी असतानाही. कुठल्या खिंडीत कुठलं झाड कधी बी धरतं हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. फुलात झाड हेरून ठेवायचं आणि काही महिन्यांनी त्याच झाडापाशी पुन्हा येऊन बी काढायचं. हे किती कठीण आहे ते रानात फिरलेल्यालाच कळेल: फुलाच्या दिवसांत ओळखू येणारं झुडूप बियांच्या दिवसांत शंभर हिरव्या झुडपांतलं एक असतं. आज मी जेवढी वाणांची नावं घेतली त्यांत झाओ यांचं एकही नाही. विल्यम्सी संकरांचं अर्धं रक्त त्यांच्यासारख्यांच्या पाठीवरच्या टोपल्यांतून आलंय.

यावर काही अभ्यासकांनी लिहिलंय, वसाहतीच्या काळातल्या बागकामावर सडकून टीका झाली आहे. मला त्या टीकेचा सगळाच सूर पटत नाही. विल्यम्सने पैसा दिला नसता तर ती बी तिथेच सडली असती असंही कुणी म्हणेल, आणि ते अगदी चूक नाही. पण संहितेच्या कुठल्याही कलमात असं लिहिलेलं नाही की नाव पैसे देणाऱ्याचंच ठेवावं. ती निवड पैदासकाराची. आणि म्हणूनच मला वाटतं, संकर लावणं, रोपं उपटणं यांच्याइतकीच नाव देणं हीही निवड आहे. तिचीही परीक्षा व्हायला हवी.

या व्याख्यानाच्या निमित्ताने काही विद्यार्थ्यांनी सुचवलं की सरांच्या नावाचं एखादं फूल काढावं. कल्पना छान आहे. कॅमेलिया सोडा, जास्वंद घ्या. जास्वंदीचा संकर आपल्या अंगणात होतो आणि दोनेक वर्षांत फूल दिसतं. एक अट मात्र पाळा: पहिलं फुललेलं रोप सरांच्या नावावर टाकू नका. बरीच रोपं उपटा आधी. जे उरेल ते दोन पावसाळे आणि एक उन्हाळा काढू द्या, आणि मग वर्णन लिहून नोंदणीला पाठवा.

आणि तुमच्यापैकी कुणी पुढेमागे कलिंपाँगला, दार्जिलिंगला किंवा परदेशात कॅमेलियाच्या रोपवाटिकेत कामाला लागलं, आणि सॅल्युएनेन्सिसच्या रक्ताचं एखादं चांगलं रोप हाती आलं, तर नोंदणीच्या अर्जात काय लिहायचं ते मी आजच सुचवून ठेवतो. ‘झाओ चेंगझांग’. तीस अक्षरांच्या मर्यादेत ते आरामात बसतं.